साइट बंद पडते तेव्हा जाब कोणाला विचारायचा?

मामा : बाकीचं राहू दे. कोणती कंपनी चांगली, तेवढं सांग. पैसे जास्त पडले तरी चालतील, पण दिवाळीच्या तोंडावर साइट बंद पडता कामा नये.

भाची : आधी मला सांग, त्या संध्याकाळी नेमकं काय बंद पडलं होतं?

मामा : काय म्हणजे? साइट!

मामा पुण्यातले छोटे प्रकाशक आहेत. वर्षाला मोजकी पुस्तकं आणि एक दिवाळी अंक. अंकाची सवलतीतली आगाऊ नोंदणी आता बहुतेक वेबसाइटवरूनच होते, आणि वाचक शेवटच्या दिवसापर्यंत थांबतात. यंदा नेमक्या त्या शेवटच्या संध्याकाळी साइट गेली, ती दुसऱ्या दिवशी उजाडल्यावर आली. पांढऱ्या पानावर इंग्रजीत एकच ओळ दिसत होती : ‘एरर एस्टॅब्लिशिंग अ डेटाबेस कनेक्शन’. होस्टिंग कंपनीच्या चॅटवर रात्रभर एकच उत्तर, आमचे इंजिनिअर बघत आहेत. मामांची भाची एका कंपनीत सर्व्हर सांभाळते. अंकाच्या संपादनात माझा हात असतो, त्यामुळे दोघांच्या या बोलण्याला मी हजर होते. ते इथे मांडते आहे, कारण हा प्रश्न एकट्या प्रकाशकाचा नाही. शाळा, पतसंस्था, दवाखाने, घरगुती मसाले विकणाऱ्या बायका, सगळ्यांच्या साइट आज कुणाच्या तरी भाड्याच्या मशीनवर चालतात, आणि ती बंद पडली की कुणाला फोन करायचा हेसुद्धा अनेकांना ठाऊक नसतं.

भाची : साइट ही एक वस्तू नाही, मामा. तुझं डोमेन एकीकडे नोंदवलेलं असतं. ते नाव टाकल्यावर कोणत्या मशीनकडे जायचं, याची नोंद डीएनएसमध्ये. मशीन तिसरीकडे. त्या मशीनवर तुझी पानं, आणि पुस्तकांची यादी, ऑर्डरी हे सगळं डेटाबेसमध्ये. यातलं काहीही अडलं तरी वाचक म्हणतो, उघडत नाही. पण दर वेळी दुखणं वेगळं असतं. ब्राउझर ‘सर्व्हर सापडत नाही’ म्हणाला तर डोमेन किंवा डीएनएस बघायचं; पुष्कळदा डोमेनचे पैसेच भरायचे राहिलेले असतात. ‘कनेक्शन सुरक्षित नाही’ म्हणाला तर बहुधा साइटच्या सुरक्षा सर्टिफिकेटची मुदत संपलेली असते. लेट्स एन्क्रिप्टची फुकट सर्टिफिकेटं आजवर ९० दिवसांची मिळत आली आहेत, आणि ती आपोआप नवी होण्याची सोय बिघडली तर कुणाच्या लक्षातही येत नाही. नुसतंच चक्र फिरत राहिलं तर मशीन किंवा मधलं नेटवर्क. आणि ५००, ५०३, ५०८ असे आकडे दिसले तर मशीन जिवंत आहे, तुझ्या साइटला काम झेपत नाही.

मामा : मी घरच्या वायफायवरून बघितलं, मोबाइलच्या डेटावरून बघितलं, नाशिकला फोन करून बघायला सांगितलं. सगळीकडे तेच.

भाची : ते बरोबर केलंस. त्यामुळे तुझ्या घरच्या इंटरनेटचा दोष नाही, एवढं कळलं. तुझी ओळ काय सांगत होती? वेब सर्व्हर चालू आहे, फक्त डेटाबेसशी जोडणी मिळत नाही. मी आज सर्व्हरची नोंदवही, म्हणजे लॉग, उतरवून घेतला.

तिने लॅपटॉप आमच्याकडे वळवला. एकाखाली एक शेकडो ओळी, आणि प्रत्येकीत ‘मॅक्स युजर कनेक्शन्स’ हे शब्द. एका खात्याला एका वेळी डेटाबेसशी जितक्या जोडण्या ठेवायची मुभा, तितक्या सगळ्या अडकलेल्या. पहिली ओळ संध्याकाळी सातनंतरची. सात वाजता ‘आज शेवटचा दिवस’ असा निरोप सगळ्या वाचकांना एकदम गेला होता. तो मीच लिहिला होता.

मामा : म्हणजे कंपनीचं काही बंद पडलंच नव्हतं?

भाची : तुझ्या शेजारच्या साइट बहुधा व्यवस्थित चालू होत्या. तुझा वाटा संपला होता. तुझ्या साइटवर शिल्लक प्रती दाखवणारं एक प्लगइन आहे, ते प्रत्येक भेटीला अख्खा ऑर्डरींचा तक्ता मोजत बसतं. लोक पान उघडेना म्हणून रिफ्रेश करत राहिले, आणि अडकलेल्या जोडण्या सुटायच्या आत नव्या येत गेल्या.

मामा : पण मी ‘अनलिमिटेड’ योजना घेतली आहे.

भाची : जागा अनलिमिटेड, ट्रॅफिक अनलिमिटेड. एका वेळी किती प्रोसेस, किती मेमरी, डेटाबेसच्या किती जोडण्या, एकूण फायली किती, या सगळ्याला मर्यादा असते आणि ती अटींमध्ये लिहिलेली असते. शेअर्ड होस्टिंगच्या एका मशीनवर शेकड्यांनी साइट राहतात. मर्यादा नसेल तर एकाकडे गर्दी झाली की सगळेच झोपतील.

मामा : असेल. मग त्यांनी रात्रभर ‘इंजिनिअर बघत आहेत’ असं का सांगितलं? तुमची मर्यादा भरली आहे, एवढे पैसे भरा, वाढवून देतो, असं म्हणाले असते तर मी त्याच मिनिटाला भरले असते.

यावर भाची काही बोलली नाही. मला विचाराल तर मामांची खरी तक्रार हीच आहे, आणि ती रास्त आहे. यंत्र बिघडणार हे कोणीही समजून घेतो. पण समोरच्याला सत्य सांगितलं तर तो काहीतरी हालचाल करू शकतो : नोंदणीची मुदत वाढवील, फोनवर ऑर्डरी घेईल. खोट्या धीराने त्याची ती रात्रच काढून घेतली.

मामा : हे बघ, मी छापखान्याला काम देतो तेव्हा रोलर कसा बसवतात ते शिकत नाही. फर्मे वेळेत आले नाहीत तर त्याला जाब विचारतो, आणि पुढचं पुस्तक दुसऱ्या छापखान्यात देतो. होस्टिंगचंही तसंच असायला हवं. त्याचं काम त्याने करावं, मी पैसे द्यावेत.

भाची : छापखाना बदलतोस तेव्हा बरोबर काय नेतोस?

मामा : पुस्तकाची फाइल. मुखपृष्ठाची मूळ फाइल. ते सगळं माझ्याकडेच असतं. छापखाना जळला तरी पुस्तक माझं.

भाची : आणि साइटची फाइल?

मामा : ती कंपनीकडे असेल ना.

भाची : डोमेन कोणाच्या नावावर आहे?

हे शोधायला थोडा वेळ गेला. जे निघालं ते महाराष्ट्रातल्या किती छोट्या व्यवसायांच्या बाबतीत खरं असेल, याचा विचार करून मला अस्वस्थ वाटलं. साइट ज्या मुलाने बनवून दिली, त्यानेच डोमेन घेतलं होतं, स्वतःच्या ईमेलवरून. तो आता दुसऱ्या शहरात नोकरी करतो. मुलगा सज्जन आहे, मामांचा फोन उचलतो, म्हणून निभावलं. पण कागदोपत्री मामांच्या प्रकाशनाचं इंटरनेटवरचं नाव मामांचं नव्हतं. होस्टिंगच्या खात्याचा ईमेल मात्र मामांचा होता, आणि तो होता त्याच डोमेनवरचा, त्याच मशीनवरचा. म्हणजे मशीन गेलं की मेलही जाणार, आणि पासवर्ड बदलायचा दुवा ज्या पेटीत यायचा ती पेटीच बंद असणार.

भाची : होस्ट निवडायच्या आधी हे करायचं. डोमेन तुझ्या नावावर, तुझ्या वेगळ्या ईमेलवर, आणि होस्टिंग जिथे आहे तिथे नाही, दुसऱ्या रजिस्ट्रारकडे. एकदम अनेक वर्षांचे पैसे भरून टाक. कार्डावरून आपोआप कापले जातील यावर राहू नकोस. १ ऑक्टोबर २०२१ पासून रिझर्व्ह बँकेचे दरमहा-दरवर्षी कापल्या जाणाऱ्या पैशांचे नियम कडक झाले, तेव्हा परदेशी कंपन्यांकडे चाललेली कितीतरी लोकांची नूतनीकरणं अडकली होती. डोमेन तुझ्या हातात असलं की होस्ट कोणताही असो, डीएनएसमधली नोंद बदलून तू दुसऱ्या मशीनवर जाऊ शकतोस. हलायच्या आदल्या दिवशी त्या नोंदीचा टीटीएल, ती किती वेळ लक्षात ठेवायची तो काळ, ३०० सेकंदांवर आणून ठेवायचा, म्हणजे जग जुना पत्ता लवकर विसरतं.

मामा : तू मला हलायला शिकवते आहेस. मला स्थिर राहायचं आहे. या कंपनीने बघ, ९९.९ टक्के अपटाइमची हमी लिहून दिली आहे.

भाची : ३० दिवसांच्या महिन्यात ९९.९ टक्के म्हणजे ४३ मिनिटं बंद राहायची मुभा. वर्षाला पावणेनऊ तास. त्यांनी ते पावणेनऊ तास दिवाळीच्या आठवड्यात खर्च केले तरी वर्षाची हमी पाळली, असं म्हणता येईल. नुसतं ९९ टक्के लिहिलं असेल तर महिन्याला ७ तास १२ मिनिटं. त्यात आधी कळवून केलेली दुरुस्ती बहुतेक ठिकाणी मोजत नाहीत. आणि हमी मोडली तर काय मिळतं ते वाच.

मामा : नुकसानभरपाई.

भाची : भाड्यात सूट. ॲमेझॉनच्या ईसी२ या भाड्याच्या मशीनच्या सेवेचा करार उघड आहे, तो बघ. उपलब्धता ९९.९९च्या खाली गेली तर बिलाच्या १० टक्के, ९९च्या खाली ३० टक्के, ९५च्या खाली गेली तर पूर्ण बिल माफ. तेही आपण मागणी केली तर, आणि पुढच्या बिलात वळतं करून. तुझं भाडं महिन्याला काही शे रुपये. पूर्ण माफ झालं तरी तुझ्या बुडालेल्या नोंदण्यांच्या पासंगाला पुरणार नाही.

मामा : मग हमीला अर्थच काय?

भाची : मला तरी तो फारसा वाटत नाही. कोणताही होस्ट कधी ना कधी पडतोच. १० मार्च २०२१च्या मध्यरात्री फ्रान्समध्ये स्ट्रासबर्गला ओव्हीएचक्लाउडच्या डेटा सेंटरला आग लागली. युरोपातली मोठी कंपनी. एसबीजी-२ नावाची पाच मजली इमारत पूर्ण गेली, शेजारच्या एसबीजी-१चा काही भाग गेला, आणि उरलेल्या दोन इमारतींची वीज तोडावी लागली. इंटरनेटवरच्या साइट मोजणाऱ्या नेटक्राफ्टने मोजलं तेव्हा सुमारे ३६ लाख वेबसाइट बंद झाल्या होत्या. कंपनीचे संस्थापक ऑक्ताव्ह क्लाबा यांनी त्याच रात्री ट्विटरवर ग्राहकांना काय सांगितलं माहीत आहे? आपापली आपत्तीतून सावरण्याची योजना सुरू करा. ज्यांच्याकडे योजना होती, प्रत दुसऱ्या शहरात होती, ते काही तासांत उभे राहिले. ‘रस्ट’ नावाच्या ऑनलाइन खेळाचे युरोपातले काही सर्व्हर तिथे होते; त्यांनी त्याच दिवशी सांगून टाकलं की हा डेटा परत येणार नाही. मी जेव्हा म्हणते की प्रत आपल्याकडे ठेव, तेव्हा माझ्या डोळ्यांसमोर ती रात्र असते.

मामा : आणि ज्यांनी त्याच कंपनीला बॅकअपचे वेगळे पैसे दिले होते, त्यांचं काय झालं?

भाची : काहींचे बॅकअप त्याच आवारात होते. तेही गेले.

मामा : मग हे बरोबर आहे का? माणूस वेगळे पैसे मोजतो ते कशासाठी? आपल्याला हे जमत नाही, तुम्ही नीट ठेवा, म्हणूनच ना? आणि आग लागल्यावर त्यालाच सांगायचं, तुझी योजना सुरू कर!

भाची : त्यातले काही ग्राहक कोर्टात गेले. लिलच्या व्यापारी न्यायालयाने २०२३मध्ये त्यांच्या बाजूने निकाल दिले. करारात बॅकअप सर्व्हरपासून वेगळ्या ठिकाणी ठेवण्याचं कबूल केलं होतं, आणि ते पाळलं गेलं नव्हतं. आग ही आमच्या हाताबाहेरची गोष्ट, हा बचाव तिथे चालला नाही.

मामा : बघ. म्हणजे लिहून घेतलेल्या शब्दाला किंमत आहे.

भाची : आहे. पण निकाल दोन वर्षांनी आला. डेटा आला नाही.

मामा : डेटा आला नाही म्हणून शब्द फुकट होत नाही. अशा एका निकालामुळे पुढचा बॅकअप विकणारा दहादा विचार करील. तू सगळी जबाबदारी माझ्या गळ्यात घालते आहेस. प्रत मी ठेवायची, डोमेन मी सांभाळायचं, लॉग मी वाचायचा. मग पुस्तकं कधी काढू?

इथे मी मामांच्या बाजूची आहे. तंत्रज्ञ मंडळी फार सहज म्हणतात की बॅकअप ही ग्राहकाची जबाबदारी. ज्याला लॉग कुठे असतो हेच माहीत नाही, त्याच्यावर ती टाकणं म्हणजे विकणाऱ्याने आपले हात झटकणं आहे. मात्र कोर्टात न्याय मिळायला लागणारा काळ आणि दिवाळी अंकाचा काळ जुळत नाही, हे भाचीचं म्हणणंही मला खोडता येत नाही.

भाची : बरं, जबाबदारी त्यांची धरू. पण त्यांनी बॅकअप घेतला आहे म्हणजे तो परत उघडतो असंही नाही. गिटलॅब ही तर प्रोग्रॅमरांचीच कंपनी. ३१ जानेवारी २०१७ला त्यांच्या एका इंजिनिअरने चुकीच्या मशीनवरचा डेटाबेस पुसला. मग कळलं, बॅकअपच्या पाच वेगवेगळ्या व्यवस्थांपैकी एकही धड चालत नव्हती. त्याच इंजिनिअरने वेगळ्या कामासाठी सहा तासांपूर्वी एक प्रत काढून ठेवली होती, तिच्यावर ते उभे राहिले. मधल्या सहा तासांतलं गेलं. मला त्यांच्याबद्दल आदर वाटतो तो पुढच्या गोष्टीसाठी : काय चुकलं, कोणती आज्ञा दिली, आता काय करतो आहोत, हे सगळं त्यांनी त्याच वेळी लोकांसमोर उघडं ठेवलं. दुरुस्तीचं थेट प्रक्षेपणसुद्धा केलं.

मामा : मग मला असा होस्ट दे. पडला तरी खरं बोलणारा.

हे वाक्य निघालं आणि वादाची दिशा बदलली. तोवर भाची ‘कोणता होस्ट’ या प्रश्नाला हातच लावत नव्हती. आता तिने वही ओढली.

भाची : ते मात्र आधी पारखता येतं. कंपनीचं स्टेटस पान बघायचं. गेल्या वर्षभरात एकही बिघाड नोंदवलेला नसेल तर मला शंका येते. बिघाड, वेळ, कारण, पुढे काय केलं, असं लिहिलेलं असेल तर विश्वास वाटतो. पैसे भरायच्या आधी सपोर्टला लेखी विचारायचं : या योजनेत डेटाबेसच्या जोडण्या एका वेळी किती? मर्यादा भरली तर मला कळवता का, आणि तासाभरात वाढवून देता का? बॅकअप कोणत्या शहरात ठेवता, तो मला स्वतः उतरवून घेता येतो का? मला सोडून जायचं असेल तर सगळं खातं एका फायलीत मिळेल का? उत्तरं आकड्यांत आली तर माणसं कामाची. ‘चिंता करू नका’ असं आलं तर पुढे जायचं. मग महिनाभर तिथे एक रिकामी साइट ठेवायची आणि दर पाच मिनिटांनी बघणारी एखादी फुकट सेवा तिच्यावर लावायची.

मामा : इंटरनेटवर ‘सर्वोत्तम दहा होस्ट’ अशा याद्या आहेत की.

भाची : त्या दुव्यांवरून कोणी गिऱ्हाईक झालं की यादी लिहिणाऱ्याला कमिशन मिळतं. होस्टिंगच्या धंद्यात ते कमिशन मोठं असतं. आणि यादीतल्या दहा नावांचे मालक दहा असतीलच असं नाही. एन्ड्युरन्स नावाच्या अमेरिकन कंपनीने वर्षानुवर्षं होस्टिंग कंपन्या विकत घेतल्या, नावं तीच ठेवली. २ ऑगस्ट २०१३ला युटा राज्यातल्या प्रोव्होच्या त्यांच्या डेटा सेंटरमध्ये बिघाड झाला तेव्हा ब्लूहोस्ट, होस्टगेटर, जस्टहोस्ट, होस्टमॉन्स्टर एकदमच बंद पडल्या. एकीवर चिडून दुसरीकडे गेलेले लोक त्या दिवशी दोन्हीकडे अडकले. आपल्या मुंबईत १९९८ला सुरू झालेल्या तुरखिया बंधूंच्या डिरेक्टीने बिगरॉक, रिसेलरक्लब हे व्यवसाय २०१४ला त्याच एन्ड्युरन्सला विकले. २०२१मध्ये एन्ड्युरन्स वेब डॉट कॉमशी जोडली जाऊन न्यूफोल्ड डिजिटल झाली. विकत घेणं-विकणं वाईट नाही, पण होस्ट बदलताना मालक आणि डेटा सेंटर खरोखर बदलतं आहे का, हे बघायचं.

मामा : आणि मशीन भारतातच हवं ना?

भाची : तुझे वाचक महाराष्ट्रात, तेव्हा मुंबईतलं मशीन बरं. पान चटकन उघडतं. नवी मुंबईत ऐरोली, महापे भागात डेटा सेंटरं उभी आहेत. ॲमेझॉनच्या क्लाउडने मुंबईत २०१६ला बस्तान बसवलं. पण प्रत मुंबईत नको. २६ जुलै २००५ला एका दिवसात ९४४ मिलिमीटर पाऊस पडलेलं शहर आहे ते. प्रत हैदराबादला ठेव, नाहीतर थेट तुझ्या ऑफिसातल्या हार्ड डिस्कवर.

मामा : एवढं सगळं करण्यापेक्षा साइटच काढून टाकतो. फेसबुकचं पान आहे, व्हॉट्सॲप आहे. बरेच प्रकाशक तिथेच विकतात.

भाची : ४ ऑक्टोबर २०२१ आठवतो? आपल्याकडे रात्रीचे नऊ वाजून गेले होते. फेसबुक, इन्स्टाग्राम, व्हॉट्सॲप तिन्ही एकदम गेली, सुमारे सहा तास. दुरुस्तीच्या एका आज्ञेने त्यांच्या डेटा सेंटरांना जोडणारं जाळंच तुटलं, त्यांचे डीएनएस सर्व्हर जगाला दिसेनासे झाले. कर्मचाऱ्यांना आत जायची दारंसुद्धा उघडेनात. आणि तिथे तुझ्याकडे कोणाचा फोन नंबर आहे? छोट्या होस्टला निदान मेल लिहिता येतो.

मामा : फेसबुकचं असं होतं, तर मी कोण?

भाची : म्हणून तर म्हणते, न पडण्याच्या मागे लागू नकोस. पडल्यावर ती संध्याकाळ कशी निभवायची ते ठरवून ठेव. डेटाबेस लागत नाही असं एक साधं पान तयार ठेवू : अंकाचं मुखपृष्ठ, किंमत, यूपीआयचा क्यूआर, आणि नाव-पत्ता घ्यायला एक फॉर्म. ते वेगळ्या सेवेवर ठेवायचं. साइट अडली की डोमेन तिकडे वळवायचं. तुझ्या नोंदण्या थांबत नाहीत. वाचकांना कळवायचं ते व्हॉट्सॲपवरून, साइटवरून नाही. २८ फेब्रुवारी २०१७ला ॲमेझॉनची फायली साठवणारी एस३ सेवा एका चुकीच्या टाइप झालेल्या आज्ञेने कोसळली, तेव्हा त्यांचं स्टेटस पानच एस३वर अवलंबून होतं, त्यामुळे काही काळ सगळं ठीक असल्याच्या हिरव्या खुणा तशाच राहिल्या. बंद पडलेल्या गोष्टीवर ती बंद असल्याची पाटी लावता येत नाही.

दहावी-बारावीच्या निकालाच्या दिवशी आता निकाल एका संकेतस्थळावर न टाकता अनेक ठिकाणी आणि डिजिलॉकरवरही देतात, ते याच शहाणपणातून आलेलं आहे. एक दार मोठं करत बसण्यापेक्षा दुसरं दार असावं.

मामा : हे साधं पान मला पटलं. पण ते वळवणार कोण? तू तुझ्या कामात असशील. मला असा माणूस हवा की जो फोन उचलेल आणि मराठीत सांगेल. आपल्या भागात एक जण होस्टिंग देतो. महाग आहे थोडा. पण दुकानात जाऊन बसता येतं.

भाची : तो रिसेलर आहे. मशीन त्याचं नाहीच, मोठ्या कंपनीकडून घेऊन तो पुढे देतो. एकटा माणूस. आजारी पडला, गावाला गेला, तर?

मामा : आणि तुझ्या मोठ्या कंपनीच्या चॅटवर रात्रभर जो होता, तो जागा असून काय उपयोग झाला?

भाची : तो एकटा असणं हा धोका आहे, मामा. मी रोज बघते. धंदा बंद करून फोन न उचलणारे रिसेलर मी पाहिलेत, आणि त्यांच्याकडे अडकलेली गिऱ्हाइकंही.

मामा : मग त्याच्याकडून जागा घेत नाही. जागा तू म्हणतेस तिथे, माझ्या नावावर. त्याला नुसते देखरेखीचे पैसे देतो. लॉग त्याने बघावा, ते जड प्लगइन त्याने काढावं, मोठा निरोप पाठवायच्या आधी त्याला सांगेन. आणि तू म्हणतेस ते वळवणंही त्याने करावं. उद्या तो गेला तर दुसरा बघता येईल.

भाचीने हे ताबडतोब मान्य केलं नाही. तिसऱ्या माणसाला पासवर्ड द्यायला ती तयार नव्हती. त्याला त्याचं वेगळं खातं, मर्यादित अधिकारांचं, आणि मालकाचं खातं दोन टप्प्यांच्या तपासणीसह मामांच्याच फोनवर, यावर बराच वेळ बोलणं झालं. मला मामांचा तोडगा आवडला. मोठ्या योजनेसाठी दरमहा जे जास्तीचे पैसे मोजायला ते निघाले होते, ते यंत्राऐवजी माणसाला जातील, आणि त्या माणसाने साइटवर एकदा नजर टाकली असती तर ती संध्याकाळ वाचली असती. सर्व्हर वाढवून ते प्लगइन हलकं झालं नसतं.

भाची : ठीक. पण त्याच्या आधी आज एक गोष्ट करायची. होस्टच्या पॅनेलमध्ये ‘रोजचा बॅकअप’ अशी खूण आहे. तो माझ्या लॅपटॉपवर उघडून बघू.

गेल्या आठवड्याचा बॅकअप तिने उतरवला. डेटाबेस भरला गेला, लॅपटॉपवर साइट उभी राहिली. मामा पुढे सरकून बघू लागले. अंकाचं पान उघडलं : नाव, किंमत, अनुक्रमणिका, सगळं जागच्या जागी. मुखपृष्ठाच्या जागी कोरा चौकोन. जुन्या अंकांचं पान उघडलं, तिथेही ओळीने कोरे चौकोन. तिने फोल्डर तपासला. बॅकअपमध्ये फक्त डेटाबेस होता. चित्रं ज्या ‘अपलोड्स’ फोल्डरमध्ये असतात तो त्यात धरलेलाच नव्हता.

मामा : जुन्या मुखपृष्ठांच्या मूळ फायली माझ्याकडे सगळ्या नाहीत. सुरुवातीच्या अंकांची तर चित्रकाराच्या मूळ चित्रावरून स्कॅन करून थेट साइटवरच चढवली होती. ती आत्ता कुठे आहेत?

भाची : होस्टच्या मशीनवर.

मामा : आणखी कुठे?

भाची : आणखी कुठेच नाहीत.

मामा : मग आधी ती उतरवून घे. कुठल्या होस्टकडे जायचं ते नंतर बघू.